मोटारीतील अग्निशामक

पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. येथील मोसंबीचा बाजार प्रसिद्ध आहे. हंगामात फळांनी भरलेले ट्रक येथून दूरदूरच्या शहरांकडे निघतात. त्यांच्या जोडीला एस. टी. च्या गाड्या, शाळेच्या बस आणि लहान मोटारी यांची वर्दळ चालूच असते. मुलांनो, अशा एखाद्या गाडीत चालकाच्या आसनाजवळ एक लाल नळकांडे तुमच्या दृष्टीस पडले असेल. आग विझविण्याचे हे साधन म्हणजेच अग्निशामक होय. शाळेच्या बसमध्ये तर तो असलाच पाहिजे, असा नियम आहे.

मोटारीत आग लागावयास कारणे थोडी नसतात. कधी इंधनाची नळी झिजून गळू लागते, कधी विजेच्या तारेवरील वेष्टन निघून ठिणगी उडते, तर कधी तापलेल्या इंजिनावर तेल सांडते. आग टिकावयास जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवेतील प्राणवायू या तिन्ही गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी काढून घेतली, तरी आग विझते. मग पाणी ओतून उष्णता घालविली तर? पेट्रोल पाण्याहून हलके असते. त्यामुळे ते पाण्यावर तरंगत पसरते आणि आग वाढते. म्हणूनच मोटारीतील नळकांड्यात बहुधा कोरडी भुकटी भरलेली असते. आतील दाबलेला वायू ती जोराने बाहेर फेकतो. भुकटी ज्वाळांवर पडली, की ज्वलनाची क्रिया खंडित होते.

नळकांडे विकत आणले, की आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः खरी काळजी तेथूनच सुरू होते. नीट न ठेवलेला रक्षकच भक्षक होऊ शकतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकाएकी कशावर तरी आदळली, तर मोटार थांबते. पण आतील मोकळी वस्तू जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे धावते. हा वेग किती असतो? सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आपटते, तेवढा! लोखंडी नळकांडे अशा वेगाने कोणाच्या डोक्यावर आदळले, तर काय अनर्थ होईल? शिवाय मोकळे नळकांडे घरंगळत चालकाच्या पायांशी गेले, तर ब्रेक दाबणेही अशक्य होईल. यास्तव ते धातूच्या पट्ट्याने व पक्क्या पकडीने मोटारीच्या अंगाला घट्ट बसवावे.

पण घट्ट बसविलेले नळकांडे हाताशीही असावयास हवे. सामानाच्या कप्प्यात, पोत्यांच्या व पिशव्यांच्या खाली दडलेला अग्निशामक शोधीपर्यंत आग थांबत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते होय. लहान मोटारीत चालकाशेजारच्या आसनापुढील किंवा त्याखालील जागा सोयीची असते. काचेजवळ, भर उन्हात मात्र ते ठेवू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर ४२ अंश सेल्सिअस तापमान असते, तेव्हा उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत ते ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. उष्णतेने आतील वायूचा दाब वाढतो. नळकांडे किती तापमानापर्यंत सुरक्षित राहते, हे त्याच्यावरच छापलेले असते.

दर महिन्यास त्याची पाहणी करावी. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन जागेवर आहे ना, मुदत संपली नाही ना, हे पाहावे. रस्त्यावरील हादऱ्यांमुळे भुकटी तळाशी दबून घट्ट होते. म्हणून नळकांडे अधूनमधून उलटेसुलटे करून हलवावे.

अर्थात, या साधनाच्या शक्तीलाही मर्यादा आहे. लहान अग्निशामक सुमारे दहा सेकंदांत रिकामा होतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एक खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणांस मुकले. एवढ्या मोठ्या आगीपुढे लहानसे नळकांडे काय करणार? त्याचा उपयोग आग नुकतीच लागली असता होतो. अशा वेळी जाणत्या माणसाने आधी सर्वांना खाली उतरवावे. मग पिन काढून ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे, तर मुळाशी भुकटीचा झोत मारावा. इंजिनावरील झाकण एकदम पूर्ण उघडू नये; कारण आत शिरलेल्या हवेने आग भडकते. आग आटोक्यात येत नाही असे दिसताच दूर व्हावे.

मुलांनो, आग विझविणे हे तुमचे काम नव्हे. मोटारीतून धूर येऊ लागला, तर त्वरित उतरून दूर जावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी. तथापि एक काम तुम्हांला खचित करता येईल. प्रवासास निघण्यापूर्वी ते लाल नळकांडे कोठे आहे, घट्ट बसविले आहे की नाही, हे पाहा. आणि काही उणे आढळल्यास वडीलधाऱ्यांच्या नम्रपणे लक्षात आणून द्या. संकट सांगून येत नाही. पण सज्ज असलेल्यास ते सहसा गाठू शकत नाही.