डिपॉझिट आहे ना, मग कशाला चिंता?

"डिपॉझिट आपल्याकडंच आहे, खोली सोडताना कापून घेऊ." भाडेकरूच्या कुत्र्याने दार ओरबाडलं, मांजरीने कोपरा नासवला, आडोशाला बांधलेल्या शेळीने अंग घासून भिंतीचे पोपडे काढले, की देडतलाईच्या घरमालकाचं हे उत्तर ठरलेलं. भाडेकरूचंही ठरलेलं: "डिपॉझिट दिलंय, आता बोलायचं काम नाही." दोघंही एकाच भ्रमात आहेत. डिपॉझिट ही नुकसानीची आगाऊ भरलेली किंमत आहे, असं दोघांनाही वाटतं.

तसं ते नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ मधलं कलम १०८ एकदा वाचावं. करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही नसेल, तर खोली जशी मिळाली तशी राखणं आणि तशीच परत करणं भाडेकरूवर बंधनकारक आहे. नेहमीच्या वापराची झीज यातून वगळली आहे. मालकाला वाजवी वेळी आत येऊन पाहणी करता येते आणि दोष दाखवणारी नोटीस देता येते. दोष भाडेकरूच्या कृतीने किंवा हलगर्जीने झालेला असेल, तर नोटिशीपासून तीन महिन्यांत तो दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणजे कायद्याने हा प्रश्न भाडं चालू असतानाच सोडवायचा ठेवला आहे. तरी लोक वर्षभर गप्प बसतात आणि चावी देताना भांडतात!

गप्प बसण्याची किंमत दारावर दिसते. फ्लश डोअरच्या खालच्या कडेला नखांनी वरचा पापुद्रा उडाला की आतलं लाकूड उघडं पडतं, पावसाळ्यात पाणी पितं, फुगतं आणि दार चौकटीला घासू लागतं. जुलैत पट्टी ठोकून रंगाचा हात मारला असता तर भागलं असतं. दिवाळीपर्यंत अख्खं दार बदलायला येतं, आणि त्यात कुत्र्याचा वाटा किती, मालकाच्या आळसाचा किती, हे कोण मोजणार?

"करारातच लिहिलंय, जनावर पाळलं तर पूर्ण डिपॉझिट जप्त." लिहा खुशाल. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाईच. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. पाच वर्षांपूर्वीचा, आधीच विटलेला रंग ओरबाडला म्हणून सगळ्या घराच्या नव्या रंगाचं बिल भाडेकरूच्या गळ्यात मारता येत नाही. मात्र कुरतडलेल्या चौकटीला 'झीज' म्हणणाऱ्या भाडेकरूनेही जरा लाज बाळगावी.

महाराष्ट्राचा भाडे कायदा इथे चालतो, हा खास सीमेवरचा गैरसमज. मराठी व्हिडिओंत सांगतात तो १९९९ चा कायदा सीमेपलीकडच्या धारणीचा, म्हणजे महाराष्ट्राचा. देडतलाई मध्य प्रदेशात आहे. मध्य प्रदेशचा १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियमही अनुसूचीतल्या आणि अधिसूचित भागांपुरता आहे, प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही.

तोंडी भाडेकरार म्हणजे करारच नाही? आहे. एक वर्षापर्यंतचा भाडेपट्टा ताबा देऊन तोंडीही होतो. फक्त 'जनावर पाळायचं नाही' ही अट मग सिद्ध करत बसावी लागते.

वीज तोडली, पाणी बंद केलं की भाडेकरू सरळ होतो? होत नाही, उलट मालकच अडचणीत येतो. तारखेचा फोटो आणि लेखी नोटीस, एवढंच करावं.

मांजरीच्या मुताच्या वासावर फिनाईल ओतणं निरुपयोगी आहे. मुतातलं युरिक आम्ल जागीच राहतं, आणि फिनॉलवर्गीय द्रव्यं मांजरीला विषारी असतात. एन्झाइम असलेलं क्लीनर लागतं. डाग काढायला कोट्याच्या फरशीवर ॲसिड टाकणाऱ्यांपुढे तर हात टेकले. कोटा हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्यालाच खातं. मग त्या खरबरीत पट्ट्याचा हिशेब मांजरीच्या नावावर मांडू नका.

आणि भांडण मिटवायला कुत्रं मेळघाटच्या रस्त्यावर सोडून येणं हा तोडगा नाही. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० खाली गुन्हा आहे, मग सोडणारा भाडेकरू असो की मालक.