शेतावरून जाणारी वीज आणि शेतकऱ्याचा हक्क

बिदरच्या तांबड्या माळावर आणि कलबुर्गीच्या काळ्या रानात तुरीच्या पिकाइतकेच आता विजेचे मनोरेही परिचयाचे झाले आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. बिदर येथील २,५०० मेगावॅटच्या नियोजित सौरक्षेत्राची वीज बाहेर नेण्याची योजनाही आखलेली आहे. वीज सर्वांनाच हवी. तथापि मनोरा ज्याच्या शेतात उभा राहतो, त्याने आपला हक्क जाणून घ्यावयास हवा.

जमीन मालकाचीच राहते, ही पहिली गोष्ट. १८८५ च्या तार कायद्याचे दहावे कलम केवळ वापराचा अधिकार देते, नुकसान शक्य तितके कमी करावे असे बजावते आणि पूर्ण भरपाईचे बंधन घालते. दुसरी गोष्ट कडू आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ अन्वये ज्या कंपनीस हे अधिकार मिळाले, तिला मालकाची पूर्वसंमती लागत नाही. मालकाने अडविल्यास जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. म्हणून काठी उगारण्यापेक्षा लेखी हरकत अधिक उपयोगी पडते.

भरपाई किती? केंद्र सरकारच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के रक्कम सुचविली आहे. २०१५ साली हेच प्रमाण ८५ टक्के व अधिकात अधिक १५ टक्के होते. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीचा पट्टा ४६ मीटर रुंद धरतात. ती २०० मीटर शेतावरून गेली, तर सुमारे सव्वादोन एकर जमीन तिच्याखाली येते. तेथे तूर पेरता येते. परंतु घर बांधता येत नाही, आंबा वाढविता येत नाही. या सूचना राज्यांसाठी सल्लावजा आहेत. म्हणून आपल्याला कोणता दर लागू आहे, हे तहसील कचेरीत लेखी विचारावे.

पिकाचा व झाडांचा पंचनामा आपल्यासमोर करवून घ्यावा, त्याची नक्कल मागावी आणि कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. रक्कम अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

वाचकहो, खरी फूट पुष्कळदा घरातच पडते. पहाणीवर वडिलांचेच नाव असते, आणि पैसा येताच भाऊ भावावर उठतो. वाटणीचा वाद असेल, तर कंपनी रक्कम न्यायालयात भरू शकते. मग वकिलाची फी तेवढी वाढत जाते. मोजणीदार येण्यापूर्वीच भावंडांनी, बहिणींसह, एकत्र बसून वाटे ठरवावेत व पहाणीवर सर्वांची नावे लावून घ्यावीत. मनोरा दोन पिढ्या उभा राहील. त्याच्या सावलीत भावकीचे वैर तेवढे उभे राहू नये.