रूळ की रस्ता? : नागरी वाहतुकीच्या खर्चाचा विचार

आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्याने वाहतुकीच्या हिशेबात लक्ष घालावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या वादातील बराचसा घोटाळा 'खर्च' या एका शब्दाच्या अर्थाचा आहे, आणि शब्दांची उकल हा तर आमचा जुना व्यवसाय.

आपल्या इंदुरात २०१३ साली एबी रोडवर सुमारे साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. २०२५ साली उच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर ती काढण्यास आरंभ झाला. अशा मार्गिकेला जगभर सुचविला जाणारा पर्याय म्हणजे लाइट रेल, अर्थात जुन्या ट्रामचे सुधारलेले, विजेवर धावणारे रूप. या दोहोंत स्वस्त कोणते?

अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००१ साली तेथील प्रकल्पांची सरासरी काढली. दर मैलास लाइट रेलचा बांधणीखर्च ३ कोटी ४८ लाख डॉलर, स्वतंत्र बसमार्गाचा १ कोटी ३५ लाख, आणि असलेल्याच रस्त्यावरील बससुधारणेचा अवघा ६ लाख ८० हजार. येथे निकाल लागल्यासारखा वाटतो. तथापि हा केवळ बांधणीचा खर्च झाला.

चालविण्याचा खर्च रोजचा असतो, आणि त्यात वेतनाचा वाटा मोठा. जोडलेल्या डब्यांतून एक चालक कित्येक शे प्रवासी नेतो. तेवढ्यांसाठी बसला अनेक चालक लागतात. शिवाय रुळांवरचे डबे बसपेक्षा पुष्कळ अधिक वर्षे टिकतात. म्हणून दाट गर्दीच्या मार्गावर दरडोई खर्चात रेल्वे बसची बरोबरी करू शकते; विरळ मार्गावर मात्र रिकाम्या डब्यांबरोबर कर्जाचे व्याजही धावत राहते.

कॅनडातील ओटावा शहराने दोन्ही अनुभव घेतले. १९८३ पासून तेथे स्वतंत्र बसमार्ग होते. ते इतके यशस्वी झाले की शहराच्या मध्यभागी बसच्याच रांगा लागू लागल्या. २०१९ साली तेथे साडेबारा किलोमीटरची लाइट रेल आली. मध्यभागी भुयार, खर्च सुमारे २१० कोटी कॅनेडियन डॉलर. तरीही २०२१ मध्ये गाडी दोनदा रुळांवरून घसरली आणि चौकशी आयोग नेमावा लागला. महाग वस्तू निर्दोष असतेच असे नाही.

तात्पर्य, प्रश्न 'किती रुपये?' एवढाच नसून 'किती प्रवाशांसाठी, किती वर्षांसाठी?' असा आहे. बसमार्गिका स्वस्तात होते, म्हणून ती मोडणेही सोपे जाते. हा स्वस्ताईचा छुपा खर्च होय. आणि ज्याच्या घरी वाहन नाही असा विद्यार्थी थांब्यावर जी मिनिटे घालवितो, त्यांचा रकाना तर कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. हिशेबाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.