आठवण परत ठेवताना

ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलमध्ये रस्त्यावरच्या अपघातातून वाचलेल्या 71 जणांवर एक प्रयोग झाला. माणसं अजून अपघात विभागातच होती, अपघाताला सहा तासही उलटले नव्हते. त्यातल्या निम्म्यांना अपघातातलं सगळ्यात भयंकर दृश्य क्षणभर मनात आणायला सांगितलं आणि हातात एक व्हिडिओ गेम दिला. टेट्रिस! वरून पडणारे रंगीत ठोकळे फिरवून खाली चपखल बसवायचे, तोच जुना खेळ. साधारण वीस मिनिटं ते खेळले. पुढचा आठवडाभर सगळ्यांनी डायरी लिहिली: न बोलावता अपघाताची चित्रं किती वेळा डोळ्यांपुढे आली? टेट्रिस खेळलेल्यांमध्ये ती 62 टक्क्यांनी कमी होती.

एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी 2009 मध्ये त्यांनी निरोगी लोकांना भीषण दृश्यांची फिल्म दाखवून हेच करून पाहिलं होतं. तेव्हा दिसलेली गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. फिल्ममध्ये काय घडलं, असं विचारलं तर टेट्रिस खेळलेल्यांनाही इतरांइतकंच आठवत होतं. माहिती शाबूत राहिली आणि मधेच अंगावर धावून येणारी चित्रं तेवढी उणावली.

म्हणजे घडलेलं ठाऊक असणं आणि ते पुन्हा पुन्हा घडत राहणं, या दोन गोष्टी सुट्या करता येतात. धसका घेतलेल्या माणसाला आपण सांगतो, झालं गेलं गंगेला मिळालं. पण त्याच्यासाठी ते झालेलंच नसतं, होत असतं. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो, आणि हिप्पोकॅम्पस प्रसंगाला जागा-वेळ जोडून देतो. भयंकर प्रसंगात पहिला इतका पेटतो की दुसऱ्याचं काम अर्धवट राहतं, असं अनेक संशोधक मानतात. वास, आवाज, उजेड यांच्या तुकड्यांवर तारीख पडत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर लोक पक्क्या छताखाली झोपायला धजावत नव्हते. जमीन हलायची थांबली हे त्यांना कळत होतं, शरीराला ते पटत नव्हतं.

पक्की बसलेली भीती कायमचीच, असं पूर्वी मानलं जाई. 2000 साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने या समजाला धक्का दिला. आवाज झाला की शॉक बसतो, हे उंदीर शिकले होते. नंतर तो आवाज ऐकवून भीती जागी केली आणि लगेच अमिग्डालात प्रथिनं बनणं थांबवणारं औषध टोचलं. दुसऱ्या दिवशी त्याच आवाजाला उंदीर फारसे थिजले नाहीत. आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी. आठवण जागी झाली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते! माणसावरच्या उपचारात नेमकं हेच घडतं का, यावर अजून वाद आहे. पण पक्की आठवणही बदलू शकते, एवढी वाट तर उघडली.

विशेष म्हणजे उपचार करणारे त्या वाटेवर आधीच पोचले होते. 1987 मध्ये फ्रान्सिन शपिरो यांना बागेत चालताना जाणवलं की आपले डोळे इकडून तिकडे हलताहेत आणि छळणारे विचार मवाळ होताहेत. त्यातून ईएमडीआर ही पद्धत आली. समोरचा माणूस तो नकोसा प्रसंग मनात धरतो. थेरपिस्ट दोन बोटं डावीकडून उजवीकडे हलवतो, आणि नजर त्यांच्यामागे जाते. अर्धं मिनिट. थांबायचं, श्वास घ्यायचा. ‘आता काय येतंय?’ त्रास शून्य ते दहामध्ये किती? मग पुन्हा. चित्र हळूहळू फिकं होतं, लांब जातं.

डोळ्यांत काय जादू आहे? नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाऊट यांचं उत्तर सरळ आहे: जादू डोळ्यांत नाहीच. मनाचा ओटा लहान. त्यावर भयंकर चित्र मांडलं आणि शेजारी दुसरं अवघड काम ठेवलं, की चित्राला पुरेशी जागा मिळत नाही, आणि ते फिक्या रूपातच परत ठेवलं जातं. उलटे आकडे मोजले किंवा गुंतागुंतीची आकृती काढली तरी हाच परिणाम दिसतो.

एडना फोआ यांची पद्धत अगदी दुसऱ्या टोकाची. डोळे मिटून सगळा प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, पुन्हा पुन्हा, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. तिथे चित्राला पूर्ण जागा द्यायची, ते कितीही पाहिलं तरी आत्ता काही होत नाही हे अंगात मुरेपर्यंत. तीही तितकीच गुणकारी आहे.

हे सगळं जाणत्या माणसाच्या हाताखाली आणि योग्य वेळी. घटना घडल्या घडल्या सगळ्यांना बसवून ‘बोलून टाका, मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या एकेका बैठकीचा फायदा अभ्यासांत दिसला नाही, काहींना तर त्रासच वाढला. सुरुवातीला हवी ती सुरक्षितता, झोप आणि आपली माणसं. बहुतेक जण त्यावरच सावरतात.

मुलांकडे तर शब्दही कमी. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावची 26 मुलं शाळेच्या बसमधून पळवून एका खाणीत, जमिनीखाली पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडली गेली. सगळी जिवंत परतली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्या. मुलं तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा खेळत, आणि त्या खेळात गंमत नसे. आपण लवकर मरणार, असं कितीतरी मुलांना वाटे.

मेक्सिकोतल्या अकापुल्कोला 1997 च्या ऑक्टोबरमध्ये पॉलिन चक्रीवादळाने झोडपलं. तिथल्या मुलांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास यांच्या हाताला एक साधी युक्ती लागली. हात छातीवर आडवे, तळवे खांद्यांखाली, आणि एकदा उजवा, एकदा डावा, अलगद थोपटायचं. फुलपाखराची मिठी! इग्नासिओ हारेरो यांच्याबरोबर त्यांनी ती गटासाठी बसवली. कागदाचे चार भाग करायचे. पहिल्यात मूल सगळ्यात वाईट काय ते काढतं, त्रासाचा आकडा लिहितं, थोपटतं, मग पुढचं चित्र. कुणालाही काही बोलून दाखवावं लागत नाही.

बोलणं पुढे येतं. जूडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांच्या पद्धतीत मूल आधी शांत व्हायचे उपाय शिकतं, मग आपल्या गोष्टीचं छोटं पुस्तक लिहितं. पहिलं पान बहुधा ‘मी कोण, मला काय आवडतं’ असं असतं. भीतीचं पान बरंच नंतर. दरम्यान आईवडिलांची वेगळी सत्रं चालतात, कारण ते पुस्तक त्यांना न कोसळता ऐकायचं असतं. या उपचारानंतर मुलांबरोबर आईबापांचंही नैराश्य कमी झालेलं अभ्यासांत दिसलं आहे.