विश्लेषण : वाळवंटातील जहाज बर्फातले?

कॅनडाच्या एल्समेअर बेटावर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, नतालिया रिबचिन्स्की यांच्या पथकाला पायाच्या हाडाचे सुमारे ३० तुकडे मिळाले. वय सुमारे ३५ लाख वर्षे. आकारावरून खूर असलेला मोठा प्राणी, एवढेच कळले. मँचेस्टर विद्यापीठाच्या माइक बकली यांनी मग हाडातले कोलॅजेन तपासले. हे प्रथिन डीएनएपेक्षा कितीतरी जास्त टिकते. एन्झाइमने त्याचे तुकडे केले की मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांच्या वजनांचा ठसा मिळतो, जणू प्राण्याचे आधार कार्ड! (अगदी जवळच्या प्रजाती मात्र यातून वेगळ्या काढता येत नाहीत.) ३७ सस्तन प्राण्यांशी ताडल्यावर जुळला तो उंट, तोही आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मोठा. तेव्हा तिथे जंगल होते, पण हिवाळा कडक. मदारीतली चरबी आणि पसरट पाय वाळूआधी बर्फात कामी आले असावेत, असे २०१३च्या शोधनिबंधाने सुचवले.