दारापाशी थांबू नका, विचारा!

काफ्काची 'द ट्रायल' वर्गात मांडायची म्हटली, की विद्यार्थी गाईड उघडतात, लेखकाचे चरित्र उतरवतात आणि 'आधुनिक माणसाचे एकाकीपण' म्हणून मोकळे होतात. टाळ्या पडतात. आपला विद्यार्थी मात्र मागच्या बाकावर गप्प! असे का?

मित्रांनो, काफ्का स्वतः कायद्याचा पदवीधर. १९२५ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या या कादंबरीत जोसेफ के.ला एका सकाळी अटक होते. गुन्हा शेवटपर्यंत कळत नाही.

सगळे कथानक सांगत बसू नका. चर्चमधला प्रसंग घ्या. धर्मोपदेशक गोष्ट सांगतो: खेड्यातला माणूस कायद्याच्या उघड्या दारापाशी जन्मभर थांबतो, द्वारपाल त्याला आत सोडत नाही. मरताना कळते, ते दार त्याच्यासाठीच होते. द्वारपालाने फसवले, असे के. म्हणतो. धर्मोपदेशक वेगळेच अर्थ मांडतो. चर्चा कशी करावी, हे काफ्कानेच दाखवले आहे! गोष्ट मोठ्याने वाचा आणि विचारा: दोषी कोण? उत्तर देणाऱ्याने मजकुरातला आधार दाखवलाच पाहिजे.

मग फळ्यावर संविधानाचे कलम २२ लिहा. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद सोडला, तर अटकेचे कारण सांगणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. तरीही कोर्टाच्या व्हरांड्यात तो खेड्यातला माणूस मला रोज भेटतो. कलम आणि दार यांत एवढे अंतर का? हा प्रश्न मागच्या बाकावरून आला, तर काफ्का वर्गात पोहोचला म्हणायचे!