घुमटाखालचें ग्रंथालय

जुनी वास्तु पूर्ववत् करावयाची असें ठरलें कीं पहिला वाद निघतो तो 'पूर्ववत् म्हणजे कोणत्या सालासारखी?' हा. अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 'रोटुंडा' नांवाच्या गोल इमारतीपुढें हा प्रश्न तीन वेळां आला आणि तिन्ही वेळां उत्तर निराळें मिळालें. आज तिचीच हकीकत श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

हें विद्यापीठ थॉमस जेफर्सन यांनीं स्थापिलें व त्याच्या इमारतींचे नकाशेहि स्वतःच आंखले. त्या काळीं तेथील विद्यालयांत प्रमुख स्थान प्रार्थनामंदिराचें असे; जेफर्सननीं तें ग्रंथालयाला दिलें. १८२२ सालीं काम सुरू झालें. आदर्श रोममधील पँथिअनचा, पण व्यास सुमारें निम्मा, म्हणजे ७७ फूट. खालच्या दोन मजल्यांवर लंबवर्तुळाकार वर्गखोल्या आणि वर घुमटाखालीं पुस्तकें. बांधकामाचे पुष्कळसे कष्ट गुलामांनीं उपसले हें सांगितल्यावांचून हें वर्णन पुरें होत नाहीं. त्यांचें स्मारक जवळच उभें राहिलें, पण तें २०२० सालीं!

२७ ऑक्टोबर १८९५ रोजीं मागच्या जोडइमारतीस आग लागली. मधला दुवा उडवून द्यावा म्हणून एका प्राध्यापकानें डायनामाइटचा प्रयोग केला, तोहि फसला. विद्यार्थ्यांनीं हातीं लागतील तीं पुस्तकें बाहेर काढलीं. शिल्लक राहिल्या त्या विटांच्या भिंती.

पुनर्रचनेचें काम स्टॅन्फर्ड व्हाइट या नामांकित वास्तुकाराकडे गेलें. ग्रंथालयास जागा अपुरी पडत होती. तेव्हां त्यानें मधला मजलाच काढून टाकला व दोन मजले उंचीचें एकच भव्य दालन केलें. दालन देखणें झालें यांत शंका नाहीं. पण वर्गखोल्या गेल्या. पुढें १९३८ मध्यें ग्रंथालयहि नव्या इमारतींत हललें, आणि ज्याच्यासाठीं भिंती पाडल्या तेंच तेथें उरलें नाहीं.

१९७३ ते १९७६ या काळांत व्हाइटचें काम काढून जेफर्सनची रचना पुन्हा उभारण्यांत आली. मजले परत आले, खोल्या परत आल्या. विद्यार्थी मात्र फारसे परत आले नाहींत. सभा, मेजवान्या आणि प्रवाशांची वर्दळ यांतच वास्तूचे दिवस जाऊं लागले. माझ्या मतें पूर्ववत् करणें येथें अर्धेंच झालें होतें: आकार आला, उपयोग आला नाहीं.

तो उपयोग २०१२ ते २०१६ च्या दुरुस्तीनें आणला. छपरावर नवा तांब्याचा पत्रा आला, स्तंभशीर्षें इटलींतील कॅरारा संगमरवरांत नव्यानें कोरलीं गेलीं. पण खरें कौशल्य दिसत नाहीं तेथें आहे. घुमटाखालीं कुजबूजहि घुमते, म्हणून आंतून आवाज शोषणारा गिलावा दिला. हवा थंड व उष्ण करणारी अवजड यंत्रें अंगणाखालीं जमिनींत नेलीं, तेव्हां खोल्या मोकळ्या झाल्या. त्यांत पुन्हा वर्ग भरूं लागले आणि घुमटाखालचें दालन अभ्यासासाठीं विद्यार्थ्यांना खुलें झालें.

याच कामांत तळमजल्यावरील एका भिंतींत, विटांनीं बुजविलेली रसायनशास्त्राची जुनी भट्टी सांपडली. मूळ इमारतींतच ती बांधलेली होती, व धूर बाहेर नेणारे मार्ग भिंतींतूनच काढलेले होते. भट्टी बुजविलेली असल्यामुळेंच १८९५ च्या आगींतून वांचली. आतां ती पाहणारांसाठीं उघडी ठेवली आहे.